घरचं माणूस चढल्याशिवाय

१२ जानेवारी

दादा,

साष्टांग वगैरे लिहीत नाही. तू रागावलेला आहेस, मीही थोडी आहेच, आणि दोन रागावलेल्या माणसांनी नमस्काराने सुरुवात केली की ते ऑफिसच्या ईमेलसारखं वाटतं. तसल्या ईमेल मी पुष्कळ वर्षं लिहिल्या. आता बास.

फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि ‘ते अंघोळीला गेलेत’ म्हणते. परवा तू सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अंघोळीला गेला होतास. इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात आजवर झाला नाही. म्हणून पत्र. पत्र न वाचता टाकून देणं तुझ्याच्याने होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागदसुद्धा तू शेवटपर्यंत वाचतोस.

तर, तुझ्या कानावर आलंय ते खरं आहे. मी राजीनामा दिला. तू शब्द टाकून मला त्या कंपनीत लावलंस, तुझ्या मजल्यावर तुझ्या नावाला मान आहे, आणि मी कुणाला न विचारता उठून बाबांच्या शिड्यांच्या दुकानात येऊन बसले, म्हणजे तुझं नाक कापलं. वहिनीमार्फत हा निरोप पोचला. नाकाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. राजीनाम्याबद्दल नाही.

का सोडलं, हे तुला एकदाच सांगते. आमच्या विभागाचं काम म्हणजे इतर विभागांचं काम सुधारणं. मी पडद्यावर बाण काढायचे. ह्या चौकटीतून त्या चौकटीत बाण. बाण छान असायचे, साहेब लोक माना डोलवायचे, आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी येऊन माझे बाण उलटे करायचं. त्याच्याही वेळी माना डोलायच्याच. मला पगार चांगला होता, खुर्ची चांगली होती, चहा तर फारच चांगला होता. पण संध्याकाळी आईने फोनवर ‘आज काय केलंस गं?’ विचारलं, की मला बोट दाखवायला काही नसायचं. इथे येऊन आठवडाच झालाय आणि मी एका शिडीला घासकागद मारलाय. ती शिडी भिंतीला टेकून उभी आहे. कुणीही येऊन बघावी.

आता दुसरा विषय, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. शेजारच्या शोरूमवाल्यांना आपली जागा हवी आहे आणि तू त्यांना हो म्हणायला निघाला आहेस. बाबांनी दुकान आपल्या दोघांच्या नावावर अर्धं अर्धं केलंय, त्यामुळे तुझ्या ‘हो’ला माझी सही लागते. तुला पैशाची हाव नाही, हे मला माहीत आहे. तुझं म्हणणं एकच, की दुकान आहे तोवर बाबा शिडीवर चढणार आणि एक दिवस पडणार.

वहिनी हे पत्र तुझ्या खांद्यावरून वाचत असणार, म्हणून तिच्यासाठी लिहिते. वहिनी, आपल्याकडे घरचं माणूस चढल्याशिवाय शिडी दाराबाहेर जात नाही. आजोबांपासून असंच. एकाने खाली धरायचं, दुसऱ्याने वरच्या पायरीपर्यंत जायचं, तिथे उभं राहायचं आणि दोन्ही हात सोडायचे. हात धरून चढलं तर निम्मं वजन हातावर येतं आणि शिडी खोटं बोलते, असं बाबा म्हणतात. दादा वर्षानुवर्षं खाली धरायचा. तीन वर्षांपूर्वी बाबांचा पाय वर सरकला, दादाने त्यांना झेललं, आणि मग गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगितलं की हा वेडेपणा बंद करा. बाबा म्हणाले, ‘तू तुझं ऑफिस सांभाळ.’ त्यानंतर दोघांचं बोलणं नाही. दोघांचीही मान इतकी ताठ, की कुणालाच खाली बघता येत नाही.

तर दादा, माझं एवढंच मागणं. वर्षअखेरपर्यंत थांब. तोवर मी बाबांना शिडीवरून खाली उतरवलं नाही, तर तू पाठवशील त्या कागदावर सही करीन, आणि तोंड वाकडंही करणार नाही.

तुझी बहीण
(नाक कापणारी)


२० फेब्रुवारी

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. पण वहिनीने आईला सांगितलं की शोरूमवाल्यांना तू ‘वर्षअखेरीस बघू’ म्हणालास. हे उत्तरच समजते.

इथली खबरबात ऐक. आई गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न विचारते, ‘वजन किती तुमचं?’ माणूस दचकतो. बाई असली तर पुन्हा दाराबाहेर जाऊन पाटी वाचून येते, की आपण शिड्यांच्याच दुकानात आलोय ना. मी आईला समजावलं की असं थेट विचारू नये, आपण एक साधा तक्ता लावू, गिऱ्हाईक स्वतःच त्यातून निवडेल. आईने तक्ता लावू दिला. काल एक गृहस्थ आले, तक्त्यासमोर उभे राहिले आणि स्वतःला दहा-पंधरा किलोंनी हलकं करून एक नाजूक शिडी मागितली. आईने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, ‘ही तुमच्या मिसेसना द्या. तुम्ही ती कोपऱ्यातली घ्या.’ त्यांनी निमूट कोपऱ्यातली घेतली. तक्ता अजून आहे, पण त्यावर आता आई पिशव्या अडकवते.

आता माझी गोष्ट. जरा बढाई मारते, सहन कर. मी ओळीने पाच-सहा किराणा दुकानांत जाऊन बसले. नुसती बसले, बाण न काढता. दुकानदार वरच्या फळीवरून माल काढतात तेव्हा एका हाताने शिडी धरतात, दुसऱ्या हाताने डबा, आणि मग खाली उतरताना तिसरा हात शोधतात. मी दुकानातल्या सुतारमामांना म्हटलं, वरून दुसऱ्या पायरीला एक अरुंद फळी लावली तर? डबा तिच्यावर ठेवायचा, दोन्ही हातांनी उतरायचं, मग डबा घ्यायचा. सुतारमामा म्हणाले, ‘फळी लागेल, पण पुढे झोक जाईल.’ मग पाय मागच्या बाजूला थोडे पसरट केले. चार वेळा केलं, चार वेळा मोडलं. पाचव्या वेळी बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, ‘हं.’ दादा, तुला बाबांचा ‘हं’ माहीत आहे. आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रमोशन.

ती शिडी आता किराणावाले मागून नेतात. तिला ‘बाईंची शिडी’ म्हणतात. त्या बाई म्हणजे मी.

चढायचं काम मी घेतलं आहे. सगळं ठीक.

तुझी बहीण


५ मे

दादा,

मोठी बातमी. नवीन वाचनालयाचं काम आपल्याला मिळालं. तिथे फळ्या छतापर्यंत आहेत आणि प्रत्येक रांगेला रुळावर सरकणारी शिडी हवी आहे. चार कंपन्या रांगेत होत्या. मी माझा ऑफिसचा कोट काढला, त्याला इस्त्री केली, पडद्यावर लाकडाच्या रेषा दाखवल्या, सांध्याचे फोटो दाखवले. ग्रंथपाल बाई कडक आहेत, चष्म्याच्या दोरीपासून चपलेच्या पट्ट्यापर्यंत कडक, पण त्यांनी आपल्यालाच दिलं. बघ, तुझ्या कंपनीत शिकलेलं अगदीच वाया गेलं नाही. हे वाक्य वहिनीला दोनदा वाचून दाखव.

दुकानात सध्या पाय ठेवायला जागा नाही. भुसा चहात पडतो, आई तो फुंकून पिते. सुतारमामांनी हाताखाली आणखी दोघे घेतले आहेत. मी एक सुधारणाही केली आहे. इतक्या शिड्या, प्रत्येकीवर चढायचं म्हणजे दिवसच्या दिवस जाणार. मी बाबांना म्हटलं, दर पाच शिड्यांमागे एकीवर चढू. लाकूड तेच, माप तेच, हात तेच. एक चांगली तर पाचही चांगल्या. जगात सगळीकडे असंच तपासतात. बाबा रंध्याचं पातं पुसत बसले. मी ते होकार समजले.

त्या पाचातल्या एकीवर कोण चढतं, हे तू विचारशीलच. तू औषधाचा कागद वाचणारा माणूस. बाबा चढतात.

थांब, कागद चुरगळू नकोस. मागच्या पत्रात ‘चढायचं काम मी घेतलं आहे’ असं लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. घेतलं होतंच. तिसऱ्या पायरीपर्यंत मी फार छान चढते. चौथीवर गेले की पोटऱ्या लटलटतात, आणि वर पोचले तरी हात काही सुटत नाहीत. मी त्यांना सांगते सुटा, ते ऐकत नाहीत. शिडीवाल्याची मुलगी उंचीला घाबरते, हे बाहेर कळलं तर दुकानाचं शटर आई स्वतः ओढेल. कंपनीत सव्विसाव्या मजल्यावर बसायचे ते खिडकीकडे पाठ करून. तुला वाटायचं मला कामात फार लक्ष आहे.

तेव्हा ती पाचात एकीची सुधारणा अशी आहे, बाबांना चढावं कमी लागावं म्हणूनही, आणि माझी लाज झाकावी म्हणूनही. पण हिशेब बरोबर आहे की नाही? पाचात एक म्हणजे बाबांचा धोका पाचात एक. वर्षअखेरपर्यंत तो शून्यावर आणते.

पहिल्या रांगेच्या शिड्या पोचल्या. रुळावर अशा सरकतात की बघत राहावं.

तुझी बहीण


९ जुलै

दादा,

वहिनीने आईला विचारलं म्हणे, ‘बाबांचा गुडघा कसा आहे?’ वहिनीला गुडघ्याचं काय पडलंय? हा प्रश्न कुणाचा, ते मला कळतं. गुडघ्याबद्दल सांगते, पण आधीपासून सांगावं लागेल. बसून वाच.

मागच्या आठवड्यात ग्रंथपाल बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच कडक. म्हणाल्या, खिडकीजवळची एक शिडी कुरकुरते, वाचणाऱ्यांना त्रास होतो, कुणाला तरी पाठवा. मी म्हटलं, पाठवते, नवीन लाकूड आहे, थोडं तेल लागेल. फोन ठेवला तर बाबा समोर उभे. त्यांनी विचारलं, ‘त्या शिडीवर आपण चढलो होतो?’

मी म्हटलं, बघावं लागेल. बघावं लागणार नव्हतं. मला माहीत होतं.

बाबा आत गेले, धुतलेला शर्ट घालून आले आणि म्हणाले, ‘चल.’ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. आईने त्यांच्या हातात गुडघ्याचा पट्टा दिला, तो त्यांनी खिशात घातला.

वाचनालयात दुपारची गर्दी. बाबा थेट ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणाले, ‘बाई, ह्यातल्या बऱ्याच शिड्यांवर आमचं माणूस चढलेलं नाही. न चढता दिल्या, ही आमची चूक. आज सगळ्यांवर चढून देतो.’ दादा, ज्या बाईंसमोर मी इस्त्रीचा कोट घालून जगातल्या उत्तम गुणवत्तेवर बोलले होते, त्या बाई आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. वाचायला आलेल्या लोकांनी पुस्तकं मिटली.

बाबांनी पहिलीच शिडी धरली आणि चढायला लागले. मी खाली धरली होती. दोन पायऱ्या गेले, तिसरीवर पाय टाकला आणि थांबले. मला वाटलं, लाकडाचा आवाज ऐकतायत. मग त्यांचे कान लाल झालेले दिसले. गुडघा अडकला होता. वर जाता येईना, खाली येता येईना, आणि बाबा कुणाला हाक मारणाऱ्यांतले नाहीत. सगळं वाचनालय बघत होतं. मी एका हाताने शिडी धरली, दुसऱ्या हाताने त्यांची टाच धरली आणि पाय सावकाश खालच्या पायरीवर ठेवला. मग दुसरा. तसे ते एकेक पाऊल माझ्या हातातून खाली आले. लहानपणी आपले पाय त्यांनी असेच बुटात घातले असतील. खाली आल्यावर त्यांनी शर्ट सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘जरा दम खातो, मग जातो.’

तुझी शपथ, त्या क्षणी माझ्या डोक्यात ना दुकान होतं, ना वर्षअखेर, ना तुझी सही. एवढंच होतं, की हा माणूस आता पुन्हा त्या शिडीवर चढणार, कारण मी चढत नाही. मी चपला काढल्या.

बाबांनी खाली धरलं. तिसरी पायरी गेली, चौथी गेली, पोटऱ्यांनी आपलं काम सुरू केलं. वर पोचले तेव्हा तोंडासमोर कुठल्याशा ज्ञानकोशाचा जाडजूड खंड होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. हात पायरीला चिकटलेले. खालून कुणीतरी बारीक हसलं. बाबांनी आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाले, ‘घाई नको. आधी शिडीला तुझी सवय होऊ दे. मग ती सांगेल.’

मला वाटलं होतं, धीर धर वगैरे म्हणतील. शिडीला माझी सवय होऊ दे! म्हणजे घाबरलेली मी नव्हेच, ती शिडी. इतकं हसू आलं की हाताची पकड सैल झाली. एक हात सुटला. मग दुसरा. दादा, मी हात सोडून उभी राहिले. पायाखाली ते लाकूड इतकं शांत होतं. आपल्या दुकानाचं लाकूड, सुतारमामांचे सांधे, आणि खाली बाबांचे दोन हात. त्या कंपनीत मला एवढी वर्षं ज्या सुरक्षिततेच्या गप्पा सांगितल्या, त्यात असं काही नव्हतं.

मग मी सगळ्या चढले. एकही सोडली नाही. कुरकुरणारी शिडी ठणठणीत निघाली, तिच्या रुळात वाळू गेली होती. पण मुलांच्या विभागातली शिडी, जिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, जी बिचारी हूं का चूं करत नव्हती, तिची वरून दुसरी पायरी मी हात सोडले तेव्हा पायाखाली किंचित फिरली. केसभर. मी वरूनच म्हटलं, ‘बाबा, ही फिरते.’ ते म्हणाले, ‘उतर.’ सुतारमामांच्या नव्या माणसाने एका खोबणीत पाचर ठोकायची राहून गेली होती. नुसत्या सरसावर, म्हणजे लाकडाच्या गोंदावर, पायरी बसलेली. डोळ्याला दिसत नव्हतं, मापात येत नव्हतं, हात धरून चढलं असतं तरी कळलं नसतं. थोड्या दिवसांनी सरस सुटला असता, आणि मुलांच्या विभागात शिडीवर नेहमी मोठीच माणसं चढतात असं नाही.

ग्रंथपाल बाई शेजारीच उभ्या होत्या. बाबांनी ती शिडी रुळावरून काढली, खांद्याला लावली. बाई मला म्हणाल्या, ‘हे तुम्ही त्या दिवशी पडद्यावर का नाही दाखवलंत? मी बाकीच्यांना बोलावलंच नसतं.’ त्यांनी आम्हाला त्यांच्या खोलीत चहा पाजला. कंपनीतल्यापेक्षा वाईट होता. मी दोन कप प्यायले.

पाचात एकीची सुधारणा मी त्याच संध्याकाळी मोडीत काढली.

आणि गुडघा. शिडी टपावर बांधून टॅक्सीत बसल्यावर बाबांनी खिशातून पट्टा काढला आणि बांधला. मग म्हणाले, ‘यापुढे तू चढ. मी धरीन.’

झालं. बाबा शिडीवरून उतरले, दादा. मी उतरवलं म्हणायला माझी जीभ वळवळते आहे, पण खरं तर त्यांची टाच तेवढी मी धरली होती.

तुझी बहीण


३ ऑक्टोबर

दादा,

तुझं पाकीट पोचलं. वर तुझं अक्षर बघून आईने ते आधी पदराने पुसलं, मग मला दिलं.

आत तुझी अडीच ओळींची चिठ्ठी. ‘शोरूमवाल्यांना नकार कळवला. दुकान तुझंच आहे. माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर करतो आहे, कागदांवर सही कर.’ खाली सही, तीही पूर्ण, आडनावासकट, जसं काही मी तुझ्या ऑफिसातला एखादा विभागच.

मी ती चिठ्ठी वाचली आणि गोदामात जाऊन भुशाच्या पोत्यावर बसून रडले. आधी आनंदाने, मग कशाने ते कळेना. दुकान वाचलं. सुतारमामांना सांगितलं, त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि टोपी काढून परत घातली. त्या आनंदात आईने गिऱ्हाइकाला वजन विचारलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं.

आता तुला दुकान कसं चाललंय ते सांगते, म्हणजे तू काय देऊन टाकतो आहेस ते तुला कळेल. मी आता गिऱ्हाइकासमोरच चढते. दाराशी, उजेडात. गिऱ्हाईक स्वतःची शिडी बघायला उभं राहतं, त्याच्याबरोबर रस्त्यावरचे चार जण थांबतात. मी हात सोडून दाखवते, मग शिडी उचलून नेताना तो माणूस तिला अशी धरतो, जशी काही तिला घरी पोचवायला निघालाय. ग्रंथपाल बाईंनी आणखी दोन वाचनालयांना आपलं नाव सांगितलं. शोरूमवाले परवा आले होते, जागा मागायला नव्हे. त्यांच्या छताचे दिवे बदलायला उंच शिडी हवी होती. मालक स्वतः आले, सुटाबुटात. आईने विचारलंच, ‘वजन किती?’ त्यांनी खरं सांगितलं. मी चढून दाखवली, ते वर बघत राहिले आणि जाताना बाबांना हात जोडून गेले. पोटऱ्या अजून लटलटतात, हे तुला म्हणून सांगते. पण आता त्या त्यांचं काम करतात, मी माझं.

कुणी विचारलं ना की काय करतेस, तर मी आता मान वर करून सांगते, शिड्या करते. पूर्वी माझं पद सांगायला एक दम पुरायचा नाही आणि ऐकणाऱ्याला कळायचं नाही. आता दोन शब्दांत काम भागतं.

तर हे सगळं. आणि तू म्हणतोस, सही कर.

रडून झाल्यावर कागद बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तुझी सही बोटाने चाचपली. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, ‘हिस्सा देऊन सुटायला बघतोय. सुटू देऊ नकोस त्याला.’

मग मला कळलं, मी भुशाच्या पोत्यावर पुढचं रडणं कशासाठी रडत होते.

कागद सोबत परत पाठवते आहे, सही न करता. फाडले नाहीत, तुझे पैसे गेले असतील त्यावर. पण मी हे घेणार नाही, दादा. मला तुझं अर्धं दुकान नको. मी काही एवढी वर्षं बाण काढून, पुढे मन घट्ट करून शिडीवर चढून तुला बाहेर घालवायला आले नाही. अर्धं तुझं आहे, ते तुझंच राहील. तुला त्याचा वैताग येऊ दे, मध्येच आठवण येऊ दे, आईचा फोन आला की अंघोळीला जावं लागू दे. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. तुझं तिथे नाव आहे, तुझ्या पायाखालची शिडी चांगली आहे. पण तू इथला नाहीस असं लिहिलेल्या कागदावर माझी सही होणार नाही. तोंड वाकडं न करता सही करीन म्हणाले होते, ते विकायच्या कागदावर. ह्या कागदावर नाही.

एवढं लिहून मी बाबांना विचारलं, तुम्हाला काही लिहायचंय का. ते नाही म्हणाले. मी खाली जागा सोडून पत्र गल्ल्यावर ठेवलं आणि आत गेले. परत आले तर ते पेन शोधत होते. पुढचं त्यांचं आहे, मी वाचलेलं नाही. म्हणजे वाचलं.

तुझी बहीण आणि अर्धी भागीदार


थोरल्या,

तुझ्या बहिणीने जागा सोडली आहे म्हणून लिहितो. मला लिहायची सवय नाही.

ती आता चढते. चांगली चढते. मी खाली धरतो. मी जन्मभर वर होतो, खाली धरणाऱ्याला काय होतं ते मला माहीत नव्हतं. आपलं पोर वर हात सोडून उभं असतं आणि आपण खालून बघतो, तेव्हा ओरडावंसं वाटतं की पुरे झालं, उतर. रोज वाटतं. मी ओरडत नाही, फरक तेवढाच.

तू त्या दिवशी ओरडलास ते ह्याच जागेवरून. मला तेव्हा वरून दिसलं नाही.

माझे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. रजा मिळत असेल तर ये. एक बाजू तू धर.

— बाबा